निर्जन बेटांना राखीव क्षेत्राचे संरक्षण कशासाठी? पेतित-तेरच्या निमित्ताने एक सविस्तर उत्तर

प्रश्न तीन भागांत विचारला गेला आहे. कॅरिबियन समुद्रातील छोटी निर्जन बेटे कशी घडली, जिथे लोकवस्तीच नाही तिथे राखीव क्षेत्र जाहीर करून नेमके काय साधते, आणि अशा ठिकाणी पर्यटकांना जाऊ द्यावे की नाही? बेटांचे अधिवास आणि त्यांचे व्यवस्थापन हे माझ्या कामाचे क्षेत्र असल्याने तिन्ही भागांचे उत्तर एकाच उदाहरणाच्या आधारे देतो. ते उदाहरण म्हणजे ग्वादलुप या फ्रेंच प्रदेशातील पेतित-तेरची दोन बेटे. सर्वसाधारण विधाने करत राहिलो तर या बेटांचे खरे स्वरूप हाती लागणार नाही, कारण कॅरिबियनमधील प्रत्येक निर्जन बेट निर्जन का राहिले याचे कारण वेगळे आहे आणि त्या कारणातूनच त्याच्या संरक्षणाची पद्धत ठरते.

सुरुवात भूगर्भापासून करावी लागते. कॅरिबियनच्या पूर्व कडेला उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत कमानीसारखी पसरलेली लेसर अँटिलीस ही द्वीपमाला आहे. अटलांटिक महासागराचा तळ वाहून आणणारा भूपट्ट येथे वर्षाला सुमारे २ सेंटिमीटर या वेगाने कॅरिबियन भूपट्टाखाली सरकतो आणि या हालचालीतूनच ही माला घडलेली आहे. मार्तिनिकच्या उत्तरेला तिच्या दोन रांगा स्पष्टपणे वेगळ्या होतात. आतली, म्हणजे पश्चिमेकडची रांग जागृत किंवा अलीकडेपर्यंत जागृत असलेल्या ज्वालामुखींची आहे. साबा, माँटसेरात आणि ग्वादलुपचे बास-तेर ही बेटे तिच्यात येतात. बाहेरची, अटलांटिककडची रांग मुख्यतः चुनखडीची आहे. अँग्विला, बार्बुडा, ग्वादलुपचे दुसरे मुख्य बेट ग्राँद-तेर, मारी-गालांत, देझिराद आणि पेतित-तेर ही तिच्यातली बेटे. येथे उथळ समुद्रात प्रवाळांनी रचलेले थर भूपट्टांच्या हालचालींमुळे हळूहळू वर उचलले गेले आणि सपाट, बुटक्या बेटांच्या रूपाने पाण्याबाहेर आले. शेजारच्या देझिरादवर चुनखडीच्या खालचा पायाही उघडा पडलेला दिसतो. तो सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचा असून लेसर अँटिलीसमधील सर्वांत जुना ज्ञात खडक मानला जातो.

पेतित-तेरची बेटे ग्राँद-तेरच्या पूर्व टोकापासून आग्नेयेला, समुद्रात सुमारे १० ते १२ किलोमीटरवर आहेत. दक्षिणेकडचे तेर-द-बा हे थोरले असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे ११७ हेक्टर आहे, तर उत्तरेकडचे तेर-द-ओ सुमारे ३१ हेक्टरचे आहे. दोन्ही मिळून दीड चौरस किलोमीटरही भरत नाहीत. तेर-द-बाची उंची समुद्रसपाटीपासून १० मीटरदेखील नाही. दोन बेटांमध्ये एक अरुंद, उथळ खाजण आहे. त्याच्या पूर्वेला प्रवाळभित्ती आडवी उभी असल्यामुळे अटलांटिकच्या लाटा तिच्यावर फुटतात आणि आत पाणी शांत राहते. पश्चिमेचे तोंड मात्र उघडे आहे आणि होड्या तेथूनच आत येतात. त्या तोंडाशी उसळणाऱ्या लाटांमुळे प्रवेश नेहमीच सोपा नसतो. नकाशावर ही रचना क्षुल्लक वाटेल, परंतु या जागेतील जवळजवळ प्रत्येक जीव त्या भित्तीच्या आडोशावर अवलंबून आहे. लेमन शार्कची पिल्ले खाजणातील गुडघाभर पाण्यात वाढतात, हिरवी समुद्री कासवे तेथील समुद्री गवत चरतात, आणि भित्तीने अडवलेल्या वाळूतून तयार झालेल्या किनाऱ्यावर हिरवी व हॉक्सबिल अशा दोन्ही प्रकारची कासवे अंडी घालतात. भित्ती मेली आणि लाटांनी तिचा भुगा केला, तर काही दशकांत खाजणही जाईल आणि किनाराही जाईल. म्हणून अशा जागी केवळ जमिनीला संरक्षण देणे निरर्थक असते.

उंची नसण्याचा दुसरा परिणाम पावसावर होतो. या प्रदेशात वर्षभर पूर्वेकडून व्यापारी वारे वाहतात. बास-तेरवरील १,४६७ मीटर उंचीच्या सुफ्रिएर ज्वालामुखीला अडून हे वारे वर चढतात आणि प्रचंड प्रतिरोध पाऊस देतात. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर जे घडते, तीच ही प्रक्रिया आहे. पेतित-तेरवरून मात्र तेच वारे न थबकता निघून जातात. परिणामी एकाच द्वीपसमूहात, एका दिवसाच्या प्रवासाच्या आत, एकीकडे सदाहरित वर्षावन आणि दुसरीकडे काटेरी, खुरटे, मिठाचे तुषार सोसणारे कोरडे झुडपी वन अशी टोकाची स्थिती आढळते. तेर-द-बावर नदी नाही, ओढा नाही, गोड्या पाण्याचा बारमाही साठा नाही. आहेत ती खारी तळी. कोरड्या महिन्यांत त्यांची पातळी उतरते आणि चिखलात किडे-अळ्या टिपण्यासाठी स्थलांतरित चिखलपायांचे थवे उतरतात. उत्तर अमेरिका आणि दक्षिण अमेरिका यांच्यामधल्या प्रवासात या पक्ष्यांना विसाव्याची जी मोजकी ठिकाणे मिळतात, त्यांत या तळ्यांचा समावेश होतो.

या वनातल्या एका झाडाचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि ते झाड म्हणजे ग्वायाक. त्याचे लाकूड इतके जड असते की ते पाण्यात बुडते. औषधासाठी आणि जहाजबांधणीसाठी अनेक शतके त्याची इतकी तोड झाली की लेसर अँटिलीसमध्ये नैसर्गिकरीत्या वाढलेले ग्वायाक आज फार थोड्या ठिकाणी उरले आहेत. पेतित-तेर हे त्यांतील एक ठिकाण आहे. हे झाड अतिशय सावकाश वाढते. त्यामुळे येथे एक जुने झाड वादळात पडले, तर त्याची जागा भरून निघायला माणसाच्या कित्येक पिढ्या जाव्या लागतात.

आता मुख्य प्राण्याकडे वळतो. लेसर अँटिलियन इग्वाना हा मोठा, शाकाहारी सरडा एकेकाळी अँग्विलापासून मार्तिनिकपर्यंतच्या बहुतेक बेटांवर होता. आज तो त्यांपैकी बऱ्याच बेटांवरून नाहीसा झाला आहे, आणि आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत त्याची नोंद 'अतिसंकटग्रस्त' अशी आहे. पेतित-तेरवर हे इग्वाना हजारोंच्या संख्येत आहेत आणि जगात उरलेल्या त्यांच्या मोठ्या समूहांत या समूहाची गणना होते. दुष्काळी वर्षांत पाला सुकला की मृत्यू वाढतात, पाऊस बरा झाला की संख्या पुन्हा सावरते. हा चढउतार कोरड्या बेटाच्या स्वभावाचाच भाग आहे, त्यामुळे एका वर्षाच्या मोजणीवरून निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते. मादीला अंड्यांसाठी ऊन लागणारी, मोकळी आणि पुरेशी खोल माती किंवा वाळू लागते. चुनखडीच्या खडकावर मातीचा थर पातळ असल्याने अशा जागा मोजक्याच असतात. म्हणूनच पाहुण्यांच्या पायवाटा कोठून काढायच्या, हा येथे सोयीचा प्रश्न नसून प्रजननाचा प्रश्न आहे.

या प्राण्याला आज सर्वांत मोठा धोका त्याच्या जवळच्या नातेवाइकाकडून आहे. सामान्य हिरवा इग्वाना ग्वादलुपच्या मुख्य बेटांवर मोठ्या प्रमाणात पसरला आहे. तो अधिक अंडी घालतो, लवकर वाढतो आणि स्थानिक जातीशी त्याचा संकर होतो. संकरित पिल्लेही प्रजननक्षम असल्यामुळे काही पिढ्यांत मूळ जात शुद्ध स्वरूपात शिल्लकच राहत नाही. दोघांमधला फरक अनुभवी डोळ्यांना कळतो: हिरव्या इग्वानाच्या कानाखाली एक मोठा गोल खवला आणि शेपटीवर गडद पट्टे असतात, स्थानिक जातीत ही दोन्ही लक्षणे नसतात. संकरित प्राणी मात्र फसवतात आणि तेथे जनुकीय तपासणीच करावी लागते. पेतित-तेरचे खरे मोल येथे लक्षात येते. ते बेट हिरव्या इग्वानापासून मुक्त राहिले आहे, आणि ते मुक्त राहण्याचे एकमेव कारण म्हणजे मधले पाणी.

राखीव क्षेत्र नेमके काय राखते, या प्रश्नाचे माझे उत्तरही हेच आहे. ते मुख्यतः अंतर राखते. बेटावरची झाडे आणि प्राणी आपापले जगणे जगतच असतात. त्यांच्या आणि मुख्य बेटांच्या दरम्यान जो समुद्र आहे, तो कोणी नकळत ओलांडू नये यासाठी सतत पहारा ठेवणे हे अशा राखीव क्षेत्राचे पहिले काम आहे. बाकीची कामे त्याच्या मागून येतात.

हा समुद्र अभेद्य नाही, याचे पुरावे याच प्रदेशात आहेत. १९९५ च्या सप्टेंबरमध्ये लुईस आणि मेरिलिन ही दोन हरिकेन पाठोपाठ आली. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये अँग्विलाच्या किनाऱ्याला उन्मळलेल्या झाडांचा एक मोठा तराफा लागला आणि त्यावरून किमान १५ हिरवे इग्वाना उतरले. यापूर्वी ते त्या बेटावर नव्हते. वादळांचे मार्ग आणि सागरी प्रवाह पाहून ते बहुधा ग्वादलुपहून वाहत आले असावेत असा निष्कर्ष संशोधकांनी काढला, आणि पृष्ठवंशीय प्राणी समुद्र ओलांडून नव्या बेटावर वसती करू शकतात याचा तो दुर्मीळ प्रत्यक्ष पुरावा ठरला. दुसरा मार्ग माणसाचा आहे. २०१७ च्या मारिया हरिकेननंतर डोमिनिकावर मदतसामग्री घेऊन येणाऱ्या मालवाहतुकीबरोबर हिरवे इग्वाना पोहोचले. डोमिनिका तोपर्यंत स्थानिक इग्वानाच्या सर्वांत भक्कम आश्रयस्थानांपैकी एक समजली जात होती. वादळ थांबवता येत नाही. परंतु वादळानंतरच्या आठवड्यांत किनारे पिंजून काढता येतात, नवा प्राणी दिसताच त्याला पकडता येते, आणि निघणाऱ्या होडीतील सामान तपासता येते. बेट छोटे असण्याचा हा मोठा फायदा आहे. दीड चौरस किलोमीटरवर आलेला परका प्राणी वेळीच सापडू शकतो, मोठ्या बेटावर तो बहुतेक वेळा उशिराच सापडतो.

पेतित-तेरला पूर्वापार अस्पर्शित समजणे मात्र चुकीचे होईल. युरोपीय येण्याआधीच्या मूळ रहिवाशांच्या वावराचे पुरातत्त्वीय अवशेष तेथे मिळाले आहेत. १९ व्या शतकात तेथे कापूस पिकवला गेला, आणि त्या काळच्या दगडी भिंतींचे अवशेष झुडपांत अजून दिसतात. तेर-द-बावर १८४० मध्ये दीपगृह उभारले गेले. १९७० च्या दशकाच्या आरंभी ते स्वयंचलित झाल्यावर दीपपालही गेले आणि बेट कायमचे निर्जन झाले. माणूस गेला तरी त्याच्याबरोबर आलेला काळा उंदीर राहिला. आज दिसणारे वन हे तोडीनंतर आणि शेतीनंतर पुन्हा उभे राहिलेले वन आहे. हे समजून घेतले नाही तर व्यवस्थापनाची दिशा चुकते, कारण 'हात लावू नका' एवढाच नियम येथे पुरेसा नाही. जे बिघडले आहे ते दुरुस्त करण्यासाठी काही वेळा हस्तक्षेप करावाच लागतो.

राखीव क्षेत्राची अधिकृत स्थापना ३ सप्टेंबर १९९८ रोजी झाली. एकूण ९९० हेक्टरपैकी सुमारे ८४२ हेक्टर समुद्र आहे, आणि मला हे प्रमाण अत्यंत योग्य वाटते. व्यवस्थापन फ्रान्सचे राष्ट्रीय वन कार्यालय आणि देझिरादमधील 'तिते' ही संस्था यांच्याकडे आहे. प्रशासकीय दृष्ट्याही ही बेटे देझिरादच्याच हद्दीत येतात. मासेमारीला बंदी आहे. नांगर टाकण्याऐवजी होड्या बांधण्यासाठी बोये बसवले आहेत. कुत्रे आणण्यास मनाई आहे, आणि तेर-द-ओवर पाऊल ठेवणेच निषिद्ध आहे. या शेवटच्या नियमाचे महत्त्व मला विशेष वाटते. दोन बेटांपैकी एकावर मर्यादित वावर आणि दुसऱ्यावर पूर्ण मज्जाव, यामुळे पक्ष्यांना व इग्वानांना एक निवांत जागा तर मिळतेच, शिवाय पाहुण्यांच्या वावराचा परिणाम किती होतो हे पडताळण्यासाठी तुलनेची जागाही मिळते.

नांगराचा नियम अनेकांना किरकोळ वाटतो, तो तसा नाही. लोखंडी नांगर समुद्री गवताच्या मुळांसकट चर काढतो आणि ती जखम भरून यायला वर्षे लागतात. त्यातच तांबड्या समुद्राकडून आलेले हॅलोफिला स्टिप्युलेसिया हे परके समुद्री गवत २००२ मध्ये ग्रेनाडाजवळ प्रथम आढळले आणि त्यानंतर ते पूर्व कॅरिबियनभर पसरले. त्याचे तुटलेले तुकडे नांगरांना आणि जाळ्यांना अडकून एका खाडीतून दुसरीत जातात व तेथे रुजतात. उघडी पडलेली वाळू त्याला आयतीच मिळते. म्हणजे बोया एकाच वेळी स्थानिक गवताची जखम टाळतो आणि परक्या गवताचा प्रवासही रोखतो.

उंदरांच्या बाबतीत काय करता येते, याचे सर्वांत बोलके उदाहरण अँटिग्वा आणि बार्बुडा या देशातील रेडोंडा बेटाचे आहे. नेव्हिस आणि माँटसेरात यांच्यामध्ये उभे असलेले हे बेट विझलेल्या ज्वालामुखीचा अवशेष असून जेमतेम दीड किलोमीटर लांब, पण जवळपास ३०० मीटर उंच आहे. चहूबाजूंनी कडे आहेत. १८६० च्या दशकापासून पहिल्या महायुद्धापर्यंत तेथे समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेतून साठलेल्या फॉस्फेटचे उत्खनन चालले. मजूर गेले, परंतु शेळ्या आणि काळे उंदीर मागे राहिले. शेळ्यांनी हिरवाई संपवली, उघडी माती पावसाबरोबर समुद्रात गेली, उंदरांनी अंडी, पिल्ले आणि सरडे खाल्ले, आणि बेट दुरून राखाडी दगडाचा ढिगारा दिसू लागले. २०१६-१७ मध्ये शेळ्या पकडून अँटिग्वात हलवण्यात आल्या आणि कड्यांवर दोरांनी उतरून विषारी आमिषे ठेवत उंदरांचे संपूर्ण निर्मूलन करण्यात आले. २०१८ मध्ये बेट उंदीरमुक्त घोषित झाले. त्यानंतर कोणीही बी न टाकता गवत आणि झाडे उगवली. केवळ तेथेच आढळणारा कोळशासारखा काळा भूसरडा कित्येक पटींनी वाढला आणि पक्ष्यांची पिल्ले तगू लागली. २०२३ मध्ये बेटासह सुमारे ३०,००० हेक्टरचे राखीव क्षेत्र जाहीर झाले. क्रमाकडे लक्ष द्यावे: तेथे आधी दुरुस्ती झाली आणि मग हद्द आखली गेली.

तोच उपाय पेतित-तेरवर जसाच्या तसा लावता येईल का? माझ्या मते ध्येय तेच असावे, पद्धत मात्र वेगळी लागेल. उष्णकटिबंधातील सपाट बेटांवर जमिनीवरचे खेकडे आमिष खाऊन संपवतात, त्यामुळे काही उंदरांना ते मिळतच नाही. आणि एक गाभण मादी जरी वाचली तरी सर्व खटाटोप वाया जातो. इग्वाना झाडपाला खाणारे असले तरी आमिषाची चव पाहतात, म्हणून आमिषाचा प्रकार आणि ते ठेवण्याच्या पेट्यांची रचना आधी छोट्या प्रमाणावर पारखणे आवश्यक आहे. शिवाय रेडोंडावर रोज होडी लागत नाही, पेतित-तेरला लागते. ज्या बेटावर दररोज नवी माणसे आणि त्यांच्या अन्नाच्या टोपल्या उतरतात, तेथे उंदीर पुन्हा येण्याची शक्यता कायम राहते. निर्मूलनाचा खर्च एकदाच करावा लागतो, राखणीचा खर्च मात्र दरवर्षी येतो, आणि हा दुसरा खर्च निश्चित झाल्याशिवाय पहिला करू नये अशी माझी ठाम भूमिका आहे.

राखीव क्षेत्राची हद्द ज्यांना अडवू शकत नाही अशा गोष्टीही आहेत. २००५ मध्ये पूर्व कॅरिबियनमधील समुद्राचे पाणी असाधारण तापले, प्रवाळ पांढरे पडले आणि त्यांतील पुष्कळ मेले. २०११ पासून सरगॅसम या तरंगत्या शेवाळाचे प्रचंड पट्टे वारंवार येऊन किनाऱ्यांवर कुजतात. त्याचे ढीग कासवांच्या मादीची वाट अडवतात आणि पिल्लांना पाण्यापर्यंत पोहोचू देत नाहीत. या संकटांची मुळे हजारो किलोमीटर दूर आहेत. तरीही स्थानिक संरक्षण व्यर्थ ठरत नाही. शेवाळ खरवडून खाणारे पोपटमासे जिथे पकडले जात नाहीत, तिथे तापमानाच्या आघातानंतर प्रवाळांना पुन्हा रुजण्यासाठी मोकळा खडक मिळण्याची शक्यता अधिक असते. वाढणारी सागरपातळी हा याहून खोल प्रश्न आहे. काही मीटर उंचीच्या बेटावर खारी तळी, वाळूचे पट्टे आणि त्यांवरची घरटी हे सर्व समुद्राच्या पातळीच्या अगदी लगत असते, आणि माघार घ्यायला मागे डोंगर नसतो.

आता पर्यटकांविषयी. ग्राँद-तेरवरील साँ-फ्राँस्वा या बंदरातून कॅटामरान होड्या पर्यटकांना सकाळी घेऊन जातात आणि संध्याकाळपूर्वी परत आणतात. मी पूर्ण बंदीच्या बाजूचा नाही. खाजणातील शार्कची पिल्ले आणि झाडाखाली निवांत बसलेला इग्वाना जवळून पाहिलेला माणूस या बेटांच्या बाजूने उभा राहतो, आणि देझिरादच्या छोट्या समाजालाही या संरक्षणात आपला वाटा आहे असे वाटले पाहिजे. परंतु संख्येची मर्यादा काटेकोर हवी आणि ती केवळ दिवसाची एकूण संख्या म्हणून नको. एकाच वेळी किती माणसे एका किनाऱ्यावर आहेत, ही संख्या अधिक महत्त्वाची असते. इग्वानांना खाऊ घालणे सक्तीने बंद हवे, कारण खाऊला सोकावलेले प्राणी पायवाटांवर गोळा होतात, भांडतात आणि त्यांच्या नैसर्गिक आहारापासून दूर जातात, शिवाय सांडलेले अन्न उंदरांचे पोट भरते. तपासणीची जागा बेटाच्या किनाऱ्यावर नसावी, ती बंदरात असावी. पिशव्या, शीतपेट्या, दोरांची वेटोळी, होडीच्या तळातील कोपरे, हे सर्व निघण्यापूर्वी पाहिले गेले पाहिजे, कारण साँ-फ्राँस्वाच्या परिसरात हिरवा इग्वाना वावरतो आणि बंदर म्हटले की उंदीर आलाच. होडीचालकांना हिरवा इग्वाना आणि संकरित प्राणी ओळखण्याचे प्रशिक्षण द्यावे. वर्षातील बहुतेक दिवस बेटावर असणारे तेच लोक आहेत, आणि रक्षकांची संख्या कितीही वाढवली तरी कानाखाली मोठा खवला असलेला पहिला परका इग्वाना बहुधा त्यांच्याच नजरेस पडेल.